धडधाकट जनावर, दूषित मांस

निरोगी दिसणाऱ्या जनावराचे मांस निर्धोकच असणार, हा समज कितीही स्वाभाविक असला, तरी साल्मोनेला या जंतूपुढे तो टिकत नाही. कारण डुकराच्या आतड्यांत व घशातील गाठींत हा जंतू दीर्घकाळ ठाण मांडून बसतो आणि जनावर मात्र धष्टपुष्टच राहते. वाड्यातून काढून त्याला गाडीत कोंबले, की भीतीने व दाटीने विष्ठेवाटे जंतू अधिकच बाहेर पडतात आणि शेजारच्या जनावरांना काही तासांतच त्यांची बाधा होते.

डुकराच्या मांसाच्या निर्यातीत अग्रगण्य असलेल्या डेन्मार्कमध्ये १९९३ साली या जंतूची मोठी साथ उसळली आणि तिचा माग एका खाटीकखान्यापर्यंत पोहोचला. तेथील काम बारकाईने पाहण्याजोगे असते. मारलेले जनावर सुमारे ६० अंश उष्णतेच्या पाण्यात काही मिनिटे बुडवतात, केस काढतात आणि कातडी ज्वाळेवर होरपळतात, तेव्हा ती जितकी स्वच्छ होते तितकी जिवंतपणी कधीच नसते. परंतु लगेच पुढे, पोट फाडताना सुरीचे टोक आतड्याला लागले किंवा गुदद्वारापाशी मळ सांडला, की ती सारी शुद्धता व्यर्थ जाते आणि तीच सुरी पुढच्या जनावरालाही बाटवते. म्हणून सुरी ८२ अंशांच्या पाण्यात बुडवतात आणि गुदद्वाराचा भाग मोकळा करताच त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधतात. या यःकश्चित पिशवीचे मोल मला मोठ्या यंत्रांहून अधिक वाटते.

१९९५ पासून डेन्मार्कमधील तपासणी थेट वराहपालकाच्या वाड्यापर्यंत गेली. मांसाचा लहानसा तुकडा गोठवून वितळवला असता जो रस सुटतो, त्यातील या जंतूविरुद्धच्या प्रतिद्रव्यांवरून दप्तरात प्रत्येक कळपाची प्रत ठरू लागली, आणि तिसऱ्या, म्हणजे सर्वांत दूषित प्रतीच्या कळपांची कत्तल वेगळी व विशेष दक्षतेने करण्याचे फर्मान निघाले. ही तजवीज न्याय्य आहे. एरवी सारी जबाबदारी चुलीपाशी उभ्या असलेल्या गृहिणीवर पडते. तरीही १९९८ साली अनेक औषधांना न जुमानणाऱ्या साल्मोनेलाने तेथे किमान २५ जणांना गाठले. ११ जणांना इस्पितळात न्यावे लागले, दोघे दगावले, आणि मूळ या वेळी डुकरांच्या एका कळपात सापडले.

म्हणून आपल्याकडे गोव्यात नि वसईत डुकराचे मांस आवडीने शिजवणाऱ्यांनी ते मधोमध ७० अंशांहून अधिक तापू द्यावे, कच्च्या मांसाच्या सुरीने कोशिंबीर चिरू नये, आणि हे मांस कोणत्या खाटीकखान्यातून आले, हे विक्रेत्याला निःसंकोच विचारावे.