विजयदुर्गावरील साहेबाचे ओटे

सहलीला निघालेल्या मनुष्याची दृष्टि सामान्यतः देवालयें, तटबंदी आणि समुद्रकिनारा यांवर खिळलेली असते. परंतु सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, देवगड तालुक्यांतील विजयदुर्गावर, एक निराळ्याच जातीचें स्थळ आहे. तेथें ना मूर्ति, ना कोरीव काम. केवळ कांहीं ओटे आहेत. लोक त्यांस ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. हा साहेब म्हणजे इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर.

हेलियम वायूचा शोध १८६८ सालीं याच ओट्यांवरून लागला, असें प्रवाशांना हटकून सांगण्यांत येतें. ही कथा ऐकावयास गोड असली, तरी ती खरी नाहीं. आणि खरी हकीकत तिच्याहून अधिक मनोरंजक आहे.

१८ ऑगस्ट १८६८ चें खग्रास सूर्यग्रहण हिंदुस्थानांतून दिसलें, हें खरें. त्यासाठीं जमखिंडी, गुंटूर इत्यादि ठिकाणीं शास्त्रज्ञ जमले होते. परंतु ऑगस्टांत कोंकणांत ऐन पावसाळा. सूर्यदर्शनाचीच जेथें शाश्वति नाहीं, तेथें दुर्बीण कोण मांडणार? लॉकियर तर तेव्हां इंग्लंडांतच होता. सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या ज्वालांचा वर्णपट ग्रहण नसतांहि पाहतां येतो, हें गुंटूर येथें फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यानें, आणि ऑक्टोबरांत स्वदेशीं लॉकियरनें, स्वतंत्रपणें दाखविलें. त्या वर्णपटांतील एक पिवळी रेषा पृथ्वीवरील कोणत्याहि ज्ञात मूलद्रव्याशीं जुळेना. ती सूर्यांतील एखाद्या नव्या मूलद्रव्याची असावी, असें मत लॉकियरनें मांडलें. ग्रीक भाषेंत सूर्याला ‘हेलिऑस’ म्हणतात, त्यावरून हेलियम हें नांव पडलें. पुष्कळांस तें पटलें नाहीं. अखेर १८९५ सालीं रॅम्झे यानें एका खनिजांतून तोच वायु मिळविला, तेव्हां शंका फिटली.

मग विजयदुर्गाचा संबंध कोठें येतो? २२ जानेवारी १८९८ रोजीं पुन्हां खग्रास ग्रहण लागलें, आणि चंद्रछायेचा पट्टा याच किनाऱ्यावरून देशांत शिरला. ऋतु कोरडा, आकाश निरभ्र असण्याची आशा मोठी. लॉकियर आपल्या मंडळींसह येथें आला. ‘मेल्पोमेन’ या युद्धनौकेवरील खलाशी त्याच्या मदतीस होते. खग्रास स्थिति अवघी सुमारें दोन मिनिटांची. तेवढ्या अवधींत वर्णपटाचीं छायाचित्रें घ्यावयाचीं, तर यंत्र केसभरहि हलतां कामा नये. त्याला पक्की बैठक हवी. ओट्यांचें प्रयोजन येथें उलगडतें. त्याच दिवशीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें पुण्याचे कावसजी नायगमवाला यांनींहि हेंच ग्रहण अभ्यासिलें.

विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. परंतु ज्याला हें स्थळ समजून घ्यावयाचें आहे, त्यानें जानेवारीच्या उत्तरार्धांत, भर दुपारीं तेथें जावें. त्या वेळीं सूर्य आकाशांत जेथें तळपत असतो, त्याच्या जवळपासच तो १८९८ सालीं दोन मिनिटें झांकला होता, आणि तेवढ्यासाठीं माणसें सातासमुद्रांपलीकडून यंत्रें घेऊन आलीं होतीं.