टोक राखणारे पाते

पुणे-नाशिक महामार्गावर पेठ सोडून अवसरी घाट ओलांडला की मंचर लागते आणि पुढे कळंबला घोड नदी. सातगाव पठारावरचा खरिपाचा बटाटा पावसाच्या भरवशावर येतो, नदीकाठचा ऊस मोटारींच्या. डिंभे धरणामुळे घोडच्या खोऱ्यात बागायत वाढली आणि पाण्यामागोमाग काठाने केबल पसरली. तिची चोरी हे इथल्या शेतकऱ्याचे जुने दुखणे आहे. सकाळी मोटार चालू करायला गेलेल्या माणसाच्या हाती स्टार्टरच्या पेटीपाशी लोंबणारे टोक तेवढे लागते. चेचलेले, तारा विस्कटलेले. चोराला तांबे हवे असते, टोकाशी त्याला देणेघेणे नसते. वायरमनचे मात्र सारे काम टोकावरच उभे असते. म्हणूनच केबल कशाने कापावी, हा प्रश्न त्याच्यासाठी मोठा आहे.

जाड आर्मर केबल ही एक वस्तू नव्हे, वेगवेगळ्या थरांची गुंडाळी आहे. बाहेर पीव्हीसीचे आवरण, त्याखाली जस्त चढवलेल्या लोखंडी तारा किंवा पट्ट्या, मग आतले आवरण आणि त्यात प्रत्येक कोअर आपापल्या इन्सुलेशनमध्ये. ‘साडेतीन कोअर’ म्हणजे तीन फेजचे तीन पूर्ण आणि न्यूट्रलचा साधारण निम्म्या जाडीचा. आत मऊ तांबे किंवा ॲल्युमिनियम, बाहेर कडक लोखंड. दोघांना एकच अवजार लावले की बिघडते.

लोखंडी थराला हॅक्सॉच योग्य. बारीक तारांसाठी इंचाला 24 किंवा 32 दात असलेले ब्लेड घ्यावे, मोठे दात तारेत अडकतात. पण कोअरही हॅक्सॉनेच कापले तर कडा खरबरीत राहते आणि धातूचा कीस आत सांडतो. सळई तोडायचा बोल्ट कटर गोल केबलला चपटी करतो. मग पसरलेल्या तारा लगमध्ये, म्हणजे टोकावर बसवायच्या धातूच्या टोपणात, शिरत नाहीत आणि कोणीतरी चार तारा छाटून लग बसवतो. तिथेच सांधा तापायला सुरुवात होते.

तांबे-ॲल्युमिनियम कापायचे खरे अवजार रॅचेट कटर. चंद्रकोरीसारखी दोन पाती केबलला कवेत घेतात आणि कात्रीसारखी एकमेकांना घासून जातात. दांडी दाबली की दातेरी पाते एक घर पुढे सरकते आणि खिटी त्याला मागे येऊ देत नाही. बोअरमधून मोटार उपसताना चेन कप्पी ओझे घसरू देत नाही, तसेच हे. थोड्या जोराचे अनेक दाब मिळून जाड केबल कापली जाते आणि टोक गोलच राहते.

कटर घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. त्यावरचा 240 चौरस मिलिमीटरचा आकडा अनेकदा एका कोअरचा असतो, म्हणून आपल्या अख्ख्या केबलचा बाहेरचा व्यास मोजावा. दुसरे, तांबे-ॲल्युमिनियमचा कटर लोखंडावर चालवला की धार तुटते. खांबावरच्या ‘रॅबिट’ किंवा ‘वीझल’ तारेत सहा ॲल्युमिनियम तारांमध्ये एक पोलादी तार असते, तिला वेगळा कटर लागतो. फार जाड केबलला हायड्रॉलिक कटर घ्यावा.

जुनी केबल काढताना आधी ठरवावे, ती पुन्हा वापरायची की भंगारात द्यायची. 240 चौरस मिलिमीटरच्या साडेतीन कोअर केबलच्या 30 मीटरमध्ये नुसते तांबेच सव्वादोन क्विंटल भरते. भंगारात द्यायची असेल तर उचलतील एवढे तुकडे करावेत. वापरायची असेल तर अखंड काढावी आणि बाहेरच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येपेक्षा आवळ वाकवू नये. तांब्यासाठी केबल जाळू मात्र नये, पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते. ती सोलावी.

या सगळ्याआधी वीज बंद असल्याची खात्री हवी. शेतीला वीज पाळीने येते, म्हणजे आत्ता नसलेली वीज केबल कापता कापता येऊ शकते. स्टार्टर बंद केला तरी त्याच्या अलीकडची केबल जिवंतच असते. म्हणून फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवावा आणि टेस्टर आधी चालू तारेवर तपासून मग केबलला लावावा. उच्चदाब केबल तर बंद केल्यावरही आत विद्युतभार धरून ठेवते, तिचे अर्थिंग केल्याशिवाय हात लावू नये. कटरच्या दांडीवर दुहेरी त्रिकोण आणि 1000 व्होल्ट अशी खूण नसेल, तर तिच्यावरचे लाल प्लॅस्टिक हे नुसते प्लॅस्टिक आहे.

केबलच्या चोरीनंतर नवी केबल जोडायला आलेला चांगला वायरमन ते चेचलेले टोक तसेच वापरत नाही. उघड्या टोकातून ओल आत शिरलेली असते, तांबे काळे पडलेले असते. तो वीतभर मागे जाऊन कापतो, काळे दिसले तर आणखी वीतभर. चकाकणारे तांबे लागले की थांबतो आणि तिथून जोडायला घेतो.