बाँड राहू द्या, द्रविड बघा!

स्पाय मूव्ही म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? कडक सूट, उडणाऱ्या गाड्या आणि प्रत्येक शहरात एक नवी ललना. मला विचाराल तर आपल्या मराठीतला सगळ्यात अंगावर येणारा हेरगिरीचा सिनेमा '२२ जून १८९७' आहे. १९७९ चा, नचिकेत आणि जयू पटवर्धन या जोडीचा. राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. आणि यातले टिळक कोण, ठाऊक आहे? सदाशिव अमरापूरकर! (हो, 'सडक'मधली महारानी तीच.)

पुण्यात प्लेग. रँडचे सोल्जर घरात घुसून झडत्या घेताहेत. राणीच्या हीरकमहोत्सवाची पार्टी आटोपून निघालेल्या रँडला चापेकर बंधू गणेशखिंडीत गाठतात. दुसऱ्या गाडीतला आयर्स्ट जागीच जातो, रँड ३ जुलैला. इथवर ॲक्शन.

खरी स्पायगिरी पुढे. सरकार २० हजारांचं बक्षीस लावतं. १८९७ चे २० हजार, बॉस! अकोल्याच्या ऑफिसातला माझा मित्र हे ऐकून म्हणाला, "काऊन बे, तुले कोनी देले असते तं तू चूप राह्यला असता?" मी चहा ढवळत बसलो. पोलिस अधिकारी ब्रुइनच्या कानाला लागले द्रविड बंधू (राहुलची आठवण काढू नका, प्लीज). दामोदर सापडला, १८ एप्रिल १८९८ ला फासावर गेला. मग ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री धाकटा वासुदेव आणि महादेव रानडे द्रविडांच्या दारात. निरोप काय? ब्रुइनसाहेबांनी बोलावलंय! ज्या नावाच्या भरवशावर द्रविड निर्धास्त होते, तेच नाव गळाला लावलं. दोघे भाऊ बाहेर आले आणि गोळ्या सुटल्या. त्या मे महिन्यात वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण तिघेही फाशी गेले.

आता म्हणाल, यात आपली अमरावती कुठे आली? आली ना. रँडच्या खुनानंतर सरकारने 'केसरी'तल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोह लावला, सप्टेंबर १८९७ मध्ये दीड वर्षाची शिक्षा ठोठावली. आणि त्याच डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं अमरावतीत! अध्यक्ष शंकरन नायर, म्हणजे २०२५ च्या 'केसरी चॅप्टर २'मधले अक्षय कुमारवाले. स्वागताध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, टिळकांचे जिवलग. त्यात वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचं, कारभार इंग्रजांचा. निष्ठा नेमकी कुणाला वाहायची, हाच घोळ. दोस्त तुरुंगात, आपण मंडपात पाहुणे सांभाळतोय, आणि एक वाक्य जास्त बोललं तर पुढचा नंबर आपला. तरी सुरेंद्रनाथ बॅनर्जी तिथे टिळकांच्या शिक्षेबद्दल उघड बोलले. हा सीन कुणीतरी शूट करायला हवा होता, राव.

तोवर वीकएंडला गिला वडा पार्सल आणा आणि पटवर्धनांचा सिनेमा लावा. फक्त द्रविड दाराबाहेर पडतात तिथे कुणाचा फोन घेऊ नका.