पोरांनो, झाडावरचा मांजा काढलात का?

देवगाव रंगारीतल्या पोरांनो, संक्रांत सरली, पण लिंबाच्या फांद्यांत मांजा तसाच लटकलाय. नायलॉनचा दोरा कुजत नाही. पारव्याचा पंख अडकला की तो जितका फडफडतो, तितका दोरा आत रुततो. फार वाईट दिसतं ते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच या मांजावर देशभर बंदी घातली, तेव्हा दुकानात मागूच नका. हाताला येईल तेवढा गुंडाळा, कात्रीने बारीक तुकडे करा, मगच कचऱ्यात टाका. उंचावरचा मोठ्यांना काढायला सांगा; विजेच्या तारेवरच्याला मात्र हात लावायचा नाही.

आणि २० मार्चला चिमणी दिवस! नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने तो २०१० पासून जगभर पाळतात. त्या दिवसापासून सावलीत मातीचं उथळ परळ ठेवा, आत एक खडा, रोज ताजं पाणी. खोल भांड्यात चिमणी बुडते.