राजीनामा दिला, रजेच्या पैशांचे काय?

नोकरी सोडताना शिल्लक अर्जित रजेचे पैसे मिळतात, ती मालकाची मेहेरबानी नव्हे. कारखान्यांतल्या कामगारांना हा हक्क 1948 च्या कारखाने कायद्याने दिला: दर 20 दिवसांच्या कामामागे एक पगारी रजा, आणि कामगार स्वतः गेला काय किंवा त्याला काढले काय, न घेतलेल्या रजेचा मोबदला दुसरा कामाचा दिवस संपण्याआधी हातात. रजेसाठी वर्षात 240 दिवस भरावे लागत. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितेने ते 180 केले. सोडून जाणाऱ्याला तर ही अटही आड येत नाही. तरी ‘फुल अँड फायनलला दीड महिना लागतो’ हे एचआरचे पाठ उत्तर असतेच! किरकोळ रजेचे पैसे सहसा मिळत नाहीत. मॅनेजर मंडळी ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत, त्यांनी नेमणूकपत्र काढून वाचावे. रजेच्या शिल्लकीचा स्क्रीनशॉट राजीनाम्याआधीच घ्यावा. लॉगिन बंद झाले की पुरावा गेला. खासगी नोकरी सोडताना मिळालेल्या या रकमेवर, काही मर्यादांत, आयुष्यभरात मिळून 25 लाख रुपयांपर्यंत करसवलत आहे. नोकरीत असताना रजा विकली, तर मात्र सगळ्यावर कर.