घरच्या पेटीतली पिल्लं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

निघोजे, महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी ही गावं चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आली, तरी परसातल्या कोंबड्या टिकून आहेत. वायरिंग आणि फॅब्रिकेशन जाणणारे हातही इथे भरपूर. थर्माकोलची पेटी, बल्ब, कॉम्प्युटरमधला छोटा पंखा आणि तापमान नियंत्रक जोडून उबवणी यंत्र सुट्टीच्या एका दिवसात उभं राहतं. पण एकविसावा दिवस उलटूनही अंडी तशीच राहिली, की दोष पेटीला दिला जातो. पुष्कळदा चूक पेटीची नसते, समजुतींची असते. कवचाच्या आत श्वास घेणारा जीव वाढतो आहे, हे मनात धरून या समजुती तपासू.

गैरसमज १: दुकानातलं ताजं अंडं उबवता येतं, तपकिरी असेल तर नक्कीच.

वस्तुस्थिती: दुकानात येणारी बहुतेक अंडी लेअर फार्मची असतात. तिथे कोंबडा नसतो, त्यामुळे अंडं फलित होत नाही आणि त्यातून पिल्लू येणं शक्य नसतं. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. अंडं फलित आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. उबवायची अंडी कोंबडा असलेल्या कळपातलीच हवीत. ओळखीच्या घरी तसा कळप नसेल, तर पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र खडकीला आहे. तिथे चौकशी करावी. अंडी सात दिवसांहून जुनी नसावीत आणि निमुळतं टोक खाली करून थंड जागी ठेवावीत. अंडी मळकट असली तरी धुवू नयेत. कवचावरचं नैसर्गिक संरक्षक आवरण धुण्याने निघून जातं आणि जंतूंना वाट मिळते.

गैरसमज २: बल्ब पेटता राहिला की ऊब मिळतेच.

वस्तुस्थिती: एलईडी बल्बची उष्णता या कामाला पुरत नाही, तारेचा जुना बल्ब किंवा हीटर लागतो. पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंश सेल्सिअस तापमान राखायचं. पंखा नसेल तर वरची हवा जास्त तापते, म्हणून अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर मोजून ३८.५ अंशांच्या आसपास ठेवतात. स्वस्त मापक एका अंशाने चुकला, तरी निकाल बिघडतो. त्यामुळे ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरशी तो पडताळून घ्यावा. थोडा वेळ तापमान उतरलं तर गर्भ तग धरतो; ते बराच वेळ चढं राहिलं तर मात्र मरतो. अंडी ठेवण्याआधी रिकामी पेटी दोन दिवस चालवून पाहावी.

गैरसमज ३: पेटी जितकी हवाबंद, तितकी चांगली.

वस्तुस्थिती: कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. पिल्लू जसजसं मोठं होतं, तशी त्याची हवेची गरज वाढते. उष्णता वाचवायला पेटीची भोकं बुजवली, तर पूर्ण वाढलेली पिल्लं शेवटच्या दिवसांत गुदमरतात.

गैरसमज ४: पाण्याची वाटी कायम भरलेली हवी.

वस्तुस्थिती: सर्वाधिक घोळ इथेच होतो. पहिल्या अठरा दिवसांत अंड्याचं वजन साधारण ११ ते १३ टक्क्यांनी घटायला हवं. पाणी उडून गेल्यावर बोथट टोकाला हवेची पोकळी वाढते आणि पिल्लू आपला पहिला श्वास त्या पोकळीतच घेतं. आर्द्रता फार असेल तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू कवच फोडण्याआधीच दगावतं. ती फार कमी असेल तर आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो.

म्हणून पहिले अठरा दिवस ५० टक्क्यांच्या आसपास आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के आर्द्रता ठेवतात. त्यासाठी किती पाणी लागेल, हे ऋतूवर ठरतं. पावसाळ्यात बाहेर २५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा पेटीत ३७.५ अंशांपर्यंत तापल्यावर आर्द्रता चाळिशीत येते; लहानशी वाटीही पुरते. एप्रिलच्या दुपारी बाहेर ३५ अंश आणि २० टक्के असताना पेटीत ती १७ टक्क्यांच्या घरात उतरते. तेव्हा पसरट भांडं किंवा ओला स्पंज ठेवावा लागतो. आर्द्रता मापक स्वस्त मिळतो. अंदाजावर राहू नये.

गैरसमज ५: अंडी हलवली की गर्भ दुखावतो.

वस्तुस्थिती: खुडूक कोंबडी दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवते. ती एकाच बाजूवर पडून राहिली तर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढावा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा हलक्या हाताने अंडी फिरवावीत. विषम संख्येमुळे दर रात्री वेगळी बाजू वर येते. अठराव्या दिवशी फिरवणं थांबवावं.

गैरसमज ६: वीज तासभर गेली की सगळं संपलं.

वस्तुस्थिती: आपल्याकडे देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद राहणं नेहमीचं आहे. कोंबडीसुद्धा दाणापाण्यासाठी रोज थोडा वेळ उठते. तासाभराने सहसा मोठं नुकसान होत नाही. झाकण न उघडता पेटीवर गोधडी टाकावी, हवेची भोकं मात्र मोकळी ठेवावीत. वीज बराच वेळ जाणार असेल तर आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात, पण त्या अंड्यांना टेकू देऊ नयेत.

गैरसमज ७: भोक पडल्यावर पिल्लाला बाहेर काढावं आणि लगेच खायला द्यावं.

वस्तुस्थिती: पहिलं भोक पडल्यापासून बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास सहज जातात. या वेळात पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांतलं रक्त परत पिल्लाच्या शरीरात जातं आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. घाईने कवच सोललं तर रक्तस्राव होऊन पिल्लू मरतं. झाकण उघडलं तर आर्द्रता उतरून बाकीची अडकतात. बलकाच्या शिदोरीवर पिल्लू दोन दिवस निभावतं. एक दिवसाची पिल्लं दूरवर पाठवता येतात ती त्यामुळेच. तेव्हा पिसं सुकेपर्यंत त्याला पेटीतच राहू द्यावं.

गैरसमज ८: गोल अंड्यातून तलंगा निघतात, घरची पिल्लं काटक, त्यांना लस नको.

वस्तुस्थिती: पक्ष्यांमध्ये लिंग मादीच्या गुणसूत्रावर ठरतं. अंड्याचा आकार किंवा पेटीचं तापमान यांनी ते बदलत नाही. साधारण निम्मे नर निघणार, त्यांची सोय आधीच ठरवावी. राणीखेत रोग घरच्या-बाहेरच्या पिल्लांत भेद करत नाही आणि लस नसलेला कळप तो संपवू शकतो. मरेक्स रोगाची लस पहिल्याच दिवशी द्यायची असते, त्यामुळे पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच बोलून ठेवावं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी उतरवत न्यावी.

पहिल्या खेपेला दहा-बारा अंडी पुरेत. तापमान, आर्द्रता आणि फिरवण्याच्या वेळा रोज वहीत लिहाव्यात. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चसमोर अंडं धरून लाल शिरा दिसतात का पाहावं. न वाढलेली अंडी काढून टाकावीत. शेवटी न फुटलेली अंडीही उघडून बघावीत. गर्भ कोणत्या टप्प्यावर थांबला हे वहीतल्या नोंदींशी ताडून पाहिलं, तर पुढच्या खेपेला नेमकं काय सुधारायचं ते समजतं.