पोथी टिकते, पुस्तक तुटतं

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पावसाळा लागला की तयार लोखंडी पार्टला तेल लावावंच लागतं, नाहीतर गंज ठरलेला. हवेतला हाच ओलावा कागदालाही छळतो, पण सगळ्या कागदांना सारखा नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं. इतक्या जुन्या संग्रहांत नेहमी आढळणारी एक गंमत म्हणजे, अडीचशे वर्षांची पोथी खुशाल उलगडते आणि 1900च्या आसपास छापलेल्या पुस्तकाचा कोपरा दुमडला, तर तुकडा हातात येतो!

याचं कारण लगद्यात आहे. जुन्नरी, दौलताबादी कागद चिंध्या आणि तागासारख्या लांब, चिवट तंतूंचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाचा स्वस्त लगदा आला. शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी पडू लागली. तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होतं आणि ते सेल्युलोजच्या साखळ्या तोडत जातं. हवा उष्ण आणि दमट असेल, तर आणखी लवकर.

हातकागदाचा शत्रू वेगळा. त्याला खळ लावून घोटत, आणि खळ हे कसरीचं आवडतं खाणं. त्यावर उपाय हरताळ, म्हणजे आर्सेनिकचं पिवळंधमक सल्फाइड. चुकलेल्या अक्षरावरही लेखनिक तोच फासत. पान तिरपं धरलं, तर पिवळ्या पट्ट्याखालचं अक्षर कधी कधी वाचता येतं. अशा पोथीचं पान बोटाला थुंकी लावून उलटू नये, हे वेगळं सांगायला नको.

शाई काजळीची. काजळी म्हणजे कार्बन, तो उन्हानं विटत नाही. पण ती ज्या डिंकात खललेली असते तो ओल धरतो आणि पानं एकमेकांना चिकटतात.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत हे सगळे प्रकार एका छताखाली आहेत. मुंबई सरकारनं 1866पासून जमवलेली हस्तलिखितं 1918 मध्ये तिथे आली. त्यांत संस्कृतचे अभ्यासक ब्यूलर यांनी 1875च्या काश्मीर दौऱ्यात मिळवलेली भूर्जपत्रंही आहेत. इथल्या ऋग्वेदाच्या 30 हस्तलिखितांची नोंद युनेस्कोनं 2007 मध्ये जागतिक स्मृतिठेव्यात केली.

घरच्या पोथीला मात्र लोक हौसेनं लॅमिनेशन करतात. ते करू नये. उष्णतेनं वितळलेलं प्लास्टिक तंतूंत शिरतं, ते सोडवताना अक्षरंही निघतात. सुती बासन, कोरडी जागा आणि वेखंडाची पुरचुंडी पुरते. चिकटलेली पानं ओढू नयेत. ती तशीच जाणकाराकडे न्यावीत.